ळ

संकेश्वरात बस स्टँडच्या मागं
खाली झेरॉक्स, वर मी.
जिना अरुंद. लग्नाची माणसं एकामागं एक चढतात
आणि खुर्च्या दोनच,
म्हणून वधूपक्ष बसतो, वरपक्ष उभ्याउभ्या
माझ्या खांद्यावरून स्क्रीन वाचतो.

कमळव्वा आली ती एकटीच.
पदराला मिरचीचा वास, हातात वहीचं पान.
लेबल करायचंय, तीन बाय दोन इंच,
शंभर ग्रॅमच्या पुडीला.
वर कानडी पायजे, खाली मराठी,
मिरचीचं चित्र लाल, पण लई लाल नको.
"घरचं हाय बगा. घरचंच दिसू दे."

कानडी मी एका सॉफ्टवेअरात टाइप करते,
मराठी दुसऱ्यात,
आणि दोन्ही आणून तिसऱ्यात मांडते.
चुकून मराठी ओळीला कानडी फॉन्ट लागला
तर अक्षरं गोल गोल होऊन बसतात
आणि कुठल्याच भाषेत काही म्हणत नाहीत.
खाली आकडे तेच असतात.
वरचा कपडा तेवढा बदललेला.

त्या दिवशी मराठीचा डोंगल चालेना.
काढला, फुंकला, परत लावला. नाहीच.
मग फुकटचा एक फॉन्ट उतरवून घेतला,
ठसठशीत, देखणा,
अशा कुठल्या तरी मुलखात घडवलेला
जिथं ळ कुणाच्या जिभेवरच येत नाही.

प्रिंट निघाली:
कमलव्वा तिखट.

ती बोट ठेवून वाचत होती, एकेक अक्षर.
तिसऱ्यावर बोट थांबलं.
"इल्ल अक्का. ही मी नव्हे.
कमल म्हंजे माझी नणंद, चिकोडीला दिलेली.
तिला तिखट सोसत न्हाई."

मी म्हटलं, चालतंय की, लोकांना कळतंय.

"'कळतंय' म्हणायला तरी
त्यो लागतोयच न्हवं?"

यावर काय बोलणार.
लाइट गेली होती, यूपीएस दर दहा सेकंदांनी टोचत होता.
मी कोरी चौकट उघडली आणि माऊसनं ळ काढायला घेतला.
वरून एक आखूड दांडी,
डावीकडं एक वेढा, उजवीकडं एक.
रेघेवरचे ठिपके ओढायचे, सोडायचे,
एक सरळ केला की दुसरा वाकडा.
आजवर किती हजार वेळा हे अक्षर दाबलं असेल,
काढलं शाळेनंतर पहिल्यांदाच.

तिनं खुर्ची पुढं ओढली.
"पोट सुटलंय की त्याचं."
बारीक करू?
"ऱ्हाऊ दे. तिखटाचा धंदा हाय,
उपाशी दिसून कसं चालंल."

ए-फोरवर बारा लेबलं बसली.
करेक्शनचे वीस रुपये मी मागितले नाहीत,
तिनं दिलेही नाहीत.
जाताना मात्र टेबलावर एक पुडी ठेवली, बिनलेबलाची.

त्याला सहा वर्षं झाली.
परवा तिच्या पोराचा फोन, मशीन घेतलंय म्हणाला,
पाऊच छापायला बेळगावात दिलेत,
जुनी फाइल तिथल्या कॉम्प्युटरवर उघडली
आणि हे बगा काय झालंय.
फोटो आला.

कानडीच्या जागी चौकोन.
मराठीच्या जागी चौकोन.
वजन, पत्ता, मोबाइल नंबर,
सगळे बिऱ्हाड सोडून गेल्यासारखे रिकामे खण.
आणि नावाच्या ओळीत
दोन चौकोनांनंतर
पोट सुटलेला ळ,
आपल्या जागेवर.

ते अक्षर नव्हतंच ना, चित्र होतं.
चित्राला फॉन्ट लागत नाही.

फॉन्ट पाठवते, म्हटलं.
म्हणाला, पाठवा.
मग मागं कुणीतरी काहीतरी सांगितलं,
फोनवर हात ठेवल्याचा आवाज,
आणि परत तोच:
"सगळं नवीन करा म्हणतीया आई.
ळ तेवढा ऱ्हाऊ दे."